घरातल्या कागदांसाठी घेतलेला स्कॅनर: दीड वर्षाच्या वापरानंतर

घरातले कागद कमी करायचे असे ठरवून दीड वर्षापूर्वी मी एक लहान शीट-फेड स्कॅनर विकत घेतला. या प्रकारात कागदांची चळत वरच्या खाचेत लावायची असते आणि यंत्र एकेक पान आत ओढून, पाठपोट टिपून, खालून बाहेर टाकते. काचेवर प्रत्येक कागद पालथा घालून झाकण लावावे लागते ते यंत्र निराळे. माझ्या यंत्रात एका वेळी वीस कागद लागतात आणि ते मिनिटाला पंचवीस कागद टिपते, असे त्याच्या खोक्यावर छापलेले आहे. या वर्गातली यंत्रे आतून बरीचशी सारखीच असतात आणि खरेदी करणाऱ्याला येणाऱ्या अडचणीही नावागणिक फारशा बदलत नाहीत, म्हणून कंपनीचे नाव न घेता यंत्राच्या प्रकाराविषयीच लिहितो.

कामाचा आवाका आधी सांगितला पाहिजे. कपाटाच्या माथ्यावर कागदांची चार खोकी होती. ती उतरवून वजनकाट्यावर ठेवली तेव्हा एकूण ३८ किलो भरली. ए-४ आकाराचा कागद एका चौरस मीटरचा सोळावा हिस्सा असतो, त्यामुळे दर चौरस मीटरला ८० ग्रॅम या नेहमीच्या जाडीचे एक पान बरोबर ५ ग्रॅम भरते. प्लास्टिकच्या फायली, पुठ्ठे आणि दोऱ्या यांचे वजन सोडून दिले तरी हा ऐवज सहा हजार कागदांच्या आसपासचा होता. यंत्राच्या छापील वेगाने हे चार तासांचे काम. मला त्याला अडीच महिन्यांचे शनिवार-रविवार लागले.

दोष यंत्राच्या वेगाचा नाही, कारण छापलेला वेग खरोखरच मिळतो; घड्याळ लावून पाहिले आहे. वेळ जातो तो कागद यंत्राच्या तोंडी देण्याजोगा करण्यात. स्टेपलची पिन उचकटायची, गंजलेली टाचणी कागद न फाडता काढायची, घडी उलगडून हाताने दाबायची, दुमडलेला कोपरा सरळ करायचा, चिकटचिठ्ठी सोलून तिचा डिंक कागदावर राहिला नाही ना हे बोट फिरवून पाहायचे, आणि मग चळत टेबलावर ठोकून कडा एकसारख्या करायच्या. एक पिन नजरेतून सुटली तर ती आतल्या काचेवर ओरखडा काढते आणि तो ओरखडा त्यानंतरच्या प्रत्येक पानावर रेघ होऊन कायमचा उमटत राहतो. तासाभरात दीडशे कागद हातावेगळे झाले की मी तो तास चांगला गेला असे समजत असे. कोणत्याही जाहिरातीत हा आकडा नसतो.

या संथपणाचा एक फायदा मात्र झाला. प्रत्येक कागद हातातून जात असल्याने तो मुळात ठेवायचा तरी का, हा प्रश्न प्रत्येक वेळी पडू लागला. घरात नसलेल्या उपकरणांची माहितीपत्रके, मुदत कधीच उलटलेली हमीपत्रे, एकाच पत्राच्या तीन-तीन झेरॉक्स, आणि «असू दे, लागेल कधीतरी» म्हणून ठेवलेली रिकामी पाकिटे असा माल बाजूला काढल्यावर स्कॅन करण्यालायक जेमतेम २,३०० कागद उरले. पहिल्या दोन दिवसांत मी हा शहाणपणा केला नव्हता. हाताला येईल ते यंत्रात घालत होतो. त्या दोन दिवसांच्या फायली नंतर संगणकावर उघडून, वाचून, एकेक करून पुसाव्या लागल्या, आणि ते काम कागद फाडून टाकण्यापेक्षा कितीतरी कंटाळवाणे निघाले. त्यामुळे यंत्र घेण्यापूर्वी निवडानिवड पूर्ण करावी आणि मग उरलेले कागद मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेली संख्या दोन-तीनशेच्या आत असेल तर या यंत्राची गरज नाही. हल्लीच्या फोनमधली कागद टिपण्याची सोय कडा ओळखते, तिरपेपणा सरळ करते, आणि खिडकीजवळच्या उजेडात हाताची सावली न पाडता काढलेले चित्र नेहमीच्या कामाला पुरते. हजारांच्या हिशेबात कागद असतील तर मात्र फोन धरून मान आणि मनगट दोन्ही दुखतात, आणि मागची बाजू टिपायची राहून जाते.

आता चित्राच्या दर्जाविषयी. ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके या मापाने, ए-४ पान २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपक्यांचे होते. छापील मजकूर वाचायला आणि संगणकाकडून ओळखून घ्यायला एवढे पुरेसे आहे. यंत्रात ६०० डीपीआयचीही सोय आहे, पण तिथे ठिपके चौपट होतात, फाईल त्याच मानाने फुगते आणि बिलावरचा आकडा काही अधिक स्पष्ट होत नाही. पूर्ण काळ्या-पांढऱ्याऐवजी राखाडी छटांचा पर्याय निवडावा. शाईचे फिके शिक्के, पेन्सिलीच्या खुणा आणि पुसट सह्या काळ्या-पांढऱ्यात सरळ नाहीशा होतात. यंत्रातला संवेदक कागदाला अगदी लागून असतो, त्यामुळे यंत्र चपटे आणि हलके होते. पण त्याच कारणाने कागद काचेपासून जरा वर उचलला गेला की तेवढा भाग अंधूक येतो. जुन्या घडीच्या रेषेवर आलेली ओळ माझ्या कित्येक पानांत अस्पष्ट आहे.

दुसरा त्रास उभ्या रेघांचा. काचेवर पालथा घालायच्या यंत्रात धुळीचा कण एक ठिपका उमटवतो. इथे काच स्थिर आणि कागद सरकता, त्यामुळे तोच कण पानाच्या माथ्यापासून तळापर्यंत रेघ ओढतो. दर शे-दोनशे कागदांनंतर झाकण उघडून मऊ कोरड्या फडक्याने काच पुसली की रेघ जाते. अडचण अशी की ती कोणत्या पानापासून पडू लागली हे मागाहून कळते, आणि मधली पाने पुन्हा घालावी लागतात. आता मी प्रत्येक चळतीचे शेवटचे पान तिथल्या तिथे उघडून पाहतो.

सोबत मिळालेल्या सॉफ्टवेअरमध्ये «सर्वांत लहान फाईल» असा एक पर्याय असतो आणि नवखा माणूस तोच निवडण्याचा संभव असतो. मी तो कधीही वापरत नाही, आणि त्यामागे एक जुने प्रकरण आहे. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की एका मोठ्या कंपनीची कार्यालयीन यंत्रे स्कॅन केलेल्या कागदांतले आकडेच बदलत होती. एका बांधकामाच्या नकाशावर तीन खोल्यांची वेगवेगळी क्षेत्रफळे लिहिलेली होती, आणि स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी एकच आकडा उमटला होता. फाईल लहान करण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचे एकच चित्र साठवून ते सगळीकडे डकवण्याची जी पद्धत त्यात वापरली होती, ती सहा आणि आठ यांतला बारीक फरक सारखेपणात जमा करत होती. पान अंधूक आले तर निदान शंका येते; इथे आकडा स्वच्छ, सुबक आणि चुकीचा होता. माझ्या यंत्रात तसे होते असे माझे म्हणणे नाही, मात्र पैशांचे आकडे असलेल्या कागदावर जागेची काटकसर करण्यात अर्थ नाही. राखाडी छटांतले एक पान साध्या जेपेग पद्धतीने साठवले तर माझ्याकडे ते बहुधा एका मेगाबाइटच्या आत बसते. २,३०० कागदांचा सगळा संसार एका लहानशा पेन ड्राइव्हवर मावला आणि तरीही जागा उरली.

माझे सर्वांत मोठे नुकसान झाले ते वेगळ्याच एका सोयीमुळे. पाठपोट टिपताना ज्या पानांची मागची बाजू कोरी असते ती आपोआप गाळण्याची सोय यंत्रात आहे आणि ती कारखान्यातूनच चालू करून पाठवलेली असते. घराच्या जुन्या दुरुस्तीच्या पावत्यांमागे वडिलांनी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या: कोणता नळ कुठून वळवला, भिंतीत वायर कोणत्या उंचीवरून नेली. पेन्सिल फिकी होती. यंत्राला त्या बाजू कोऱ्या वाटल्या आणि त्याने त्या गाळल्या. पुढची बाजू व्यवस्थित आली आहे हे पाहून मी त्याच संध्याकाळी त्या पावत्या फाडून रद्दीत घातल्या, आणि चारेक महिन्यांनी भिंतीला भोक पाडायची वेळ आली तेव्हा फाईल उघडून बसलो तर प्रत्येक पावतीला एकच पान. चूक निम्मी माझी आहे हे मान्य आहे. तरी जी सोय मजकूर गायब करू शकते ती मुळात बंद ठेवून ग्राहकाच्या हाती द्यावी, एवढे भान यंत्र बनवणाऱ्याला हवे होते. तेव्हापासून ती सोय बंद आहे आणि स्कॅन झालेले मूळ कागद महिनाभर एका खोक्यात तसेच पडून राहतात.

मजकूर ओळखणे, ज्याला सर्वत्र ओसीआर म्हणतात, हा या यंत्राचा खरा उपयोग आहे. पानाचे चित्र तसेच राहते आणि त्याच्यामागे ओळखलेल्या मजकुराचा अदृश्य थर बसतो, त्यामुळे फाईलचे नाव आठवत नसले तरी आतल्या एखाद्या शब्दावरून ती सापडते. इंग्रजी कागदांच्या बाबतीत सोबतचे सॉफ्टवेअर हे काम चोख करते. मराठीच्या बाबतीत त्याने निराशा केली. भाषांच्या यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. लिपी एकच आहे तर चालून जाईल असे वाटून हिंदी निवडली, तर «ळ»च्या जागी कधी «ल» तर कधी भलतेच अक्षर येऊ लागले, आणि «दुसऱ्या», «वाऱ्यावर» यांतला अर्धा «र» पार गळून पडला. ज्या भाषेत काळ, वेळ, मूळ आणि सगळे हे शब्द पानोपानी येतात तिथे असला शोध कुचकामी आहे.

शेवटी टेसरॅक्ट या मोफत साधनाकडे वळलो. ते मुळात १९८० च्या दशकात ह्युलेट-पॅकार्डमध्ये तयार झाले, २००५ साली सर्वांसाठी खुले झाले, आणि २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्कचा, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या पद्धतीचा, वापर होऊ लागला. मराठीची स्वतंत्र फाईल त्यात मिळते. ते बसवायला थोडी खटपट पडते आणि त्याला देखणा चेहरा नाही, पण स्वच्छ छापील मराठी मजकूर ते समाधानकारक वाचते. शिरोरेषा तुटलेली जुनी छपाई, ठिपक्यांच्या प्रिंटरवरचे कागद आणि हस्ताक्षर यांची अपेक्षा त्याच्याकडूनही ठेवू नये. मी स्कॅन यंत्राच्या सॉफ्टवेअरने करतो आणि मजकूर ओळखण्याचे काम रात्री टेसरॅक्टवर सोपवतो.

सोबतच्या सॉफ्टवेअरविषयी आणखी एक तक्रार आहे. कागद साठवण्यासाठी त्याने स्वतःचे एक «ग्रंथालय» तयार केले, त्यात आपल्या पद्धतीने कप्पे पाडले, आणि कंपनीच्या क्लाऊडवर खाते उघडा असा लकडा जवळजवळ दर आठवड्याला लावला. पुढे एका अद्ययावत आवृत्तीनंतर त्या ग्रंथालयातले कप्पे विस्कटले. फायली शाबूत होत्या, पण कोणती कोणाची हे सांगणारी माहिती गेली होती. कागद वीस वर्षे टिकवायचे असतील तर ते एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या मर्जीवर सोडू नयेत. साधे फोल्डर आणि साधी पीडीएफ फाईल ही जोडी बरी. पीडीएफ १९९३ पासून आहे आणि २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. दीर्घकाळ जपण्यासाठीचा तिचा पीडीएफ/ए हा प्रकार त्याआधीच, २००५ साली ठरवण्यात आला होता. त्यात लागणारे फाँट फाईलमध्येच असतात आणि फाईलला पासवर्डचे कुलूप लावता येत नाही. कुलूप लावता न येणे हा अनेकांना दोष वाटतो. मला तो गुण वाटतो, कारण विसरलेल्या पासवर्डमागे अडकलेला कागद हरवल्यातच जमा असतो. गुप्तता हवी असेल तर सगळी डिस्कच सांकेतिक रूपात ठेवावी आणि तिचा एकच पासवर्ड घरातल्या आणखी एका जाणत्या माणसाला ठाऊक असावा.

फायलींना नावे देताना मी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यापुढे विषय असा क्रम ठेवतो. तारखेचा हा क्रम १९८८ पासून आंतरराष्ट्रीय मानकात आहे आणि त्याची मौज अशी की फायली नावाप्रमाणे लावल्या की आपसूक काळानुसार लागतात. नावे मराठीत द्यायला काहीच हरकत नाही, मात्र तारखेचे आकडे एकाच प्रकारचे असावेत. काही फायलींवर देवनागरी आणि काहींवर इंग्रजी आकडे असतील तर संगणक त्यांचे दोन वेगळे गट करतो. «ऱ» हे अक्षरही दोन प्रकारे साठवले जाऊ शकते, एकसंध किंवा «र»खाली नुक्ता देऊन. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात आणि काही ठिकाणी शोध घेताना एकाने दुसरे सापडत नाही. मी फायलींच्या नावांत हे अक्षर टाळतो.

कागद फाडण्यापूर्वी फायलींच्या प्रतींची सोय झालेली असली पाहिजे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, हा जुना नियम मी पाळतो: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक क्लाऊडवर. क्लाऊडशी आपोआप जुळत राहणारा फोल्डर म्हणजेच सुरक्षित प्रत, असा समज मात्र नसावा, कारण संगणकावर चुकून पुसलेली फाईल तिथूनही पुसली जाते, आणि ती परत मिळण्याची मुदत मर्यादित असते. म्हणून हार्ड डिस्क मी कायम जोडून ठेवत नाही. महिन्यातून एकदा जोडतो, प्रत घेतो आणि काढून ठेवतो. वर्षातून एकदा त्यातल्या दहा-बारा फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो.

औष्णिक कागदावरच्या पावत्या सर्वांत आधी हाताळाव्यात. त्यावर शाई नसते. कागदाचा लेपच उष्णतेने काळा होतो, आणि उजेड, ऊब व प्लास्टिकच्या पिशवीचा स्पर्श यांनी अक्षरे उडून जातात. माझ्या संग्रहातली एक हमीची पावती जपून प्लास्टिकच्या कप्प्यात ठेवली होती आणि ती नेमकी त्यामुळेच कोरी झाली होती. अशा अरुंद पावत्या यंत्रात वाकड्या ओढल्या जातात, म्हणून त्या मी फोननेच टिपतो, तेही घेतल्या दिवशीच.

नवा कागद घरात येणेच थांबवणे हे या सगळ्यापेक्षा सोपे आहे आणि ते मी फार उशिरा केले. बिले आणि खात्यांचे उतारे ईमेलवर मागवले तर आलेली पीडीएफ स्कॅनपेक्षा स्वच्छ असते, तिच्यातला मजकूर आधीच शोधता येतो आणि आकार लहान असतो. मात्र सेवा देणारे जुने उतारे किती काळ ठेवतील याची खात्री नसते आणि खाते बंद झाले की दार बहुधा बंदच होते, म्हणून ते तिथल्या तिथे उतरवून आपल्या फोल्डरमध्ये घ्यावेत. ईमेलचा डबा हे कपाट नव्हे.

फाडण्याच्या यंत्राबद्दल थोडक्यात: नुसत्या लांब पट्ट्या करणारे घेऊ नये. जर्मनीच्या डीआयएन ६६३९९ या मानकात पी-१ ते पी-७ अशा पायऱ्या आहेत. त्यातल्या पी-४ मध्ये तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नसतो आणि घरगुती कागदांना तेवढे पुरते. मालकीहक्काची कागदपत्रे, मृत्युपत्र, मूळ प्रमाणपत्रे, आणि ज्यांची अस्सल प्रत पुढे कधीही मागितली जाऊ शकते असे सगळे कागद यंत्रातून गेले तरी फाडण्याच्या यंत्राकडे जात नाहीत. माझ्याकडे त्यांची एक फाईल उरली आहे, दोन बोटे जाडीची.

दीड वर्षात यंत्राची डागडुजी किरकोळ झाली. कागद ओढणारे रबरी रूळ गुळगुळीत झाले की दोन पाने एकदम आत जातात. मऊ फडक्याला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसल्यावर पकड परत येते, आणि सुटे रूळ वेगळे मिळतात की नाही हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. दोन पाने एकदम गेल्याचे ओळखणारा ध्वनिलहरींचा संवेदक वरच्या श्रेणीतल्या यंत्रांत असतो. माझ्यात नाही, आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर त्यासाठी मी जादा पैसे मोजेन, कारण चिकटलेली पाने हाताने मोजत बसणे हे या कामातले सर्वांत त्रासदायक काम ठरले आहे.

एक खोके अजून उघडायचे आहे. त्यात छायाचित्रे आहेत, पातळ कागदावरची पत्रे आहेत आणि कडा चुरगळू लागलेली काही कात्रणे आहेत. रुळांच्या कचाट्यात यांतले काहीही घालण्याचा धीर मला होत नाही, आणि यंत्राच्या माहितीपुस्तिकेतही तसे करू नये असेच लिहिलेले आहे. त्यासाठी काचेचे जुन्या पद्धतीचे यंत्र एका मित्राकडून उसने आणणार आहे.